ईसीएचएस: कार्ड त्यांच्या नावाचं, पण माहिती घरातल्या बाईला हवी

आमच्या घरात ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची, दोन सदस्यत्वं आहेत. एक माझ्या मिस्टरांचं. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून २०१८ साली हवालदार म्हणून पेन्शन आले. दुसरं सासूबाईंचं. सासरेही त्याच रेजिमेंटचे, १९७१ ची लढाई पाहिलेले, १९८३ ला घरी आलेले. ते गेल्यावर सासूबाईंना फॅमिली पेन्शन सुरू झाली आणि त्यावर त्यांचं स्वतःचं कार्ड निघालं. मी गावच्या पोस्टात काम करते, कागदांना घाबरत नाही, म्हणून दोन्ही कार्डांचं सगळं माझ्याकडे आलं. आता गल्लीतल्या चार-पाच फौजींच्या घरांचंही येतं.

मत आधीच सांगते. योजना म्हणून मी पाचपैकी साडेचार देईन. रोज ती वापरताना जे वाट्याला येतं त्याला साडेतीन. कुठलं पॉलिक्लिनिक ते मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं करारावरची, दर वर्षी नूतनीकरणाच्या भरवशावर काम करणारी आहेत, आणि ज्या अडचणी मी सांगणार आहे त्या इतर ठिकाणच्या बायकांकडूनही मी तशाच ऐकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १ एप्रिल २००३ ला ही योजना सुरू झाली. त्याआधी पेन्शनरला मिलिटरी हॉस्पिटलचाच आधार, तोही तिथे जागा असेल तर. जिथे छावणी नाही अशा तालुक्यातल्या माणसाने काय करायचं, याला उत्तर नव्हतं. आता ठिकठिकाणी पॉलिक्लिनिकं आहेत, तिथे डॉक्टर, दातांचा विभाग, रक्तलघवीच्या तपासण्या, औषधांची खिडकी असते, आणि पुढचे उपचार लागले तर पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या, खासगी रुग्णालयाला रेफरल (पुढे पाठवण्याची चिठ्ठी) मिळतो. तिथे पैसे भरावे लागत नाहीत, बिल योजनेकडे जातं.

यासाठी एकदाच वर्गणी कापून घेतात. मिस्टरांच्या वेळी रिक्रूटपासून हवालदारापर्यंत ३०,००० रुपये होती, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,०००, अधिकाऱ्यांना १,२०,०००. पेन्शन येताना ही रक्कम कापली गेली तेव्हा मिस्टरांना जरा लागलं होतं, कारण त्याच महिन्यात घराचा स्लॅब टाकायचा होता. पण विचार करा. तीस हजार एकदाच, आणि त्यावर नवरा, बायको, मुलं असं अख्खं घर. दरवर्षीचा हप्ता नाही. आधीचा आजार आहे म्हणून नकार नाही. वय वाढलं म्हणून बाहेर काढत नाहीत. उपचाराच्या रकमेला वरची मर्यादा नाही. माझा भाऊ खासगी विम्याचा हप्ता भरतो आणि दरवर्षी वाढलेला आकडा मला फोनवर वाचून दाखवतो. त्यामुळे ही योजना महाग आहे असं कुणी माझ्यापुढे म्हणू नये. सासूबाईंना तर एक रुपयाही पडला नाही, कारण १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना आणि त्यांच्या विधवांना वर्गणी माफ आहे.

ही माफी कित्येक म्हाताऱ्यांना ठाऊकच नाही. आमच्या भागात अशा बायका आहेत ज्यांचे नवरे पासष्टच्या, एकाहत्तरच्या काळातले, आणि त्या आजही बीपीची गोळी मेडिकलमधून उधारीवर घेतात. मी ज्यांना भेटते त्यांना पहिल्यांदा एवढंच विचारते, पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, कुठे आहे? तो असला की पुढचं जमतं.

जमतं म्हणजे लगेच जमतं असं नाही. सासूबाईंच्या कार्डाला जो वेळ लागला तो फक्त नावामुळे. पलटणीच्या रेकॉर्डला त्या ‘हौसा’, आधार कार्डावर ‘हौसाबाई’, आणि बँकेत माहेरचं आडनाव कंसात. लग्न झालं तेव्हा सासऱ्यांनी युनिटच्या बाबूला जे तोंडी सांगितलं ते त्याने लिहिलं, आणि तेच चाळीस-पन्नास वर्षं तसंच राहिलं. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला प्रतिज्ञापत्र, आधारची प्रत, डिस्चार्ज बुकाची प्रत असं सगळं पाठवून नाव दुरुस्त करून घ्यावं लागलं. ज्यांचे नवरे अजून सेवेत आहेत त्या बहिणींना माझं कळकळीचं सांगणं आहे की नवरा सुट्टीवर आला की त्याच्याकडून पार्ट टू ऑर्डर (घरच्यांची युनिटमधली अधिकृत नोंद) तपासून घ्या. लग्नाची नोंद, मुलांच्या जन्मतारखा, तुमच्या नावातला काना-मात्रा, सगळं आधारशी जुळतंय का पाहा. सेवेत असताना हे काम युनिटच्या ऑफिसात बसल्या जागी होतं. पेन्शन आल्यावर आणि विशेषतः माणूस गेल्यावर त्याच कामासाठी बाईला दारोदार फिरावं लागतं.

आता पॉलिक्लिनिकचा रोजचा अनुभव. आम्ही पहिल्या एसटीने निघतो. पोचेपर्यंत नोंदणीच्या खिडकीपाशी रांग असतेच, पण ती शिस्तीची असते. अर्धे लोक एकमेकांना ‘जय हिंद’ घालणारे, कोण कुठल्या पलटणीचा, कोण सियाचीनला कधी होता, याच गप्पा. कार्ड मशीनला लावलं की नंबर पडतो. नर्सिंग असिस्टंट बीपी, वजन घेतो, मग डॉक्टर. आमच्याकडच्या डॉक्टर बाई सासूबाईंशी नीट बोलतात. ‘आजी, गोळ्या चुकवताय ना?’ असं थेट विचारतात आणि उत्तराची वाट पाहतात. खासगी दवाखान्यात तीनशे रुपये देऊन मला एवढा वेळ मिळालेला नाही.

औषधांच्या खिडकीवर मात्र योजनेची चांगली आणि कमकुवत अशा दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतात. चांगली बाजू म्हणजे तिथला माणूस. निवृत्त फौजीच आहे. सासूबाईंना वाचता येत नाही, त्या गोळ्या रंगावरून ओळखतात. पांढरी सकाळची, गुलाबी रात्रीची. सरकारी खरेदीत कंपनी बदलते, मग औषध तेच असलं तरी गोळीचा रंग आणि आकार बदलतो. एका महिन्यात बीपीची गोळी गुलाबी आली आणि साखरेची पांढरी, म्हणजे बरोबर उलट. त्या माणसाने हे स्वतःहून ओळखलं. आधीची रिकामी पट्टी मागून घेतली, नवीन पट्टीशेजारी ठेवून सासूबाईंना दाखवली, आणि पेनाने एका पाकिटावर सूर्य काढला, दुसऱ्यावर चंद्रकोर. मागे रांग होती, कुणी आवाज केला नाही. घरी आल्यावर मी ती पाकिटं जपून ठेवली आणि तेव्हापासून दर महिन्याला तशीच चित्रं स्वतः काढते. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी हे जरूर करावं.

कमकुवत बाजू म्हणजे ‘एनए’. नॉट अव्हेलेबलचा शिक्का. चार औषधांतली दोन मिळतात, दोन एनए. ती एनए औषधं बाहेरून विकत घेऊन बिल लावायची सोय आहे, पण पैसे आधी आपण घालायचे आणि परताव्याची वाट पाहायची. महिना अठरा-वीस हजार पेन्शन असलेल्या घराला एका वेळी दोन-तीन हजार अडकून पडणं परवडत नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे, म्हातारी माणसं बिल लावतच नाहीत. ‘असू दे पोरी, कोण फिरणार’ म्हणतात आणि खिशातून घेतात, नाहीतर गोळी अर्धी करून खातात. इन्सुलिन आणि हृदयाच्या औषधांत तरी एनए येता कामा नये. माझा अर्धा स्टार इथे गेला. रुग्ण ठरलेले, त्यांची औषधं ठरलेली, दर महिन्याला किती लागणार हे आधीच माहीत, मग साठा का संपावा, हे मला पटत नाही.

यातून एक शिकले ते सांगते. महिन्याच्या सुरुवातीला गर्दी आणि तुटवडा दोन्ही जास्त. मी आता गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच जाते, आणि एनए लागला तर त्याच वेळी शिक्का, सही घेऊन बाहेरचं पक्कं बिल डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या नावाशी जुळवून घेते. मेडिकलवाला घाईत ‘पाटील’ एवढंच लिहितो. ते बिल परत येतं.

रेफरलचं काम बरं झालंय. आता तो ऑनलाइन निघतो, पूर्वीसारखी कागदाची तीन-तीन झेरॉक्स नाही. सासूबाईंचं वय ठरलेल्या मर्यादेपुढे गेलं असल्याने त्यांना पॅनेलवरच्या रुग्णालयातल्या तज्ज्ञ डॉक्टरला रेफरलशिवाय थेट दाखवता येतं. म्हाताऱ्यांसाठी ही फार मोठी सवलत आहे. औषधं मात्र पॉलिक्लिनिकमधूनच घ्यायची.

त्यांच्या मोतीबिंदूच्या वेळी एका पॅनेलवरच्या रुग्णालयात (नाव लिहीत नाही) काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की योजनेतली लेन्स ‘साधी’ आहे, चांगली हवी तर वरचे पैसे रोख भरा. असं तुम्हाला कुणी सांगितलं तर घाबरू नका आणि भांडूही नका. मी म्हटलं, हे रुग्णालयाच्या कागदावर लिहून सहीशिक्का द्या, मी पॉलिक्लिनिकच्या ओआयसी साहेबांना (तिथल्या प्रमुखांना) दाखवते. ती आत जाऊन आली आणि विषय तिथेच संपला. डोळा उत्तम झाला. सासूबाई आता तांदूळ स्वतः निवडतात.

सगळ्यात मोठी परीक्षा मिस्टरांची झाली. थंडीत रात्रीची लाइट असते, ते उसाला पाणी द्यायला गेले होते. परत आले ते घामाने भिजून, छातीवर हात. शेजारच्यांनी गाडी काढली. पॅनेलवरचं हार्टचं रुग्णालय अजून तासाभराच्या अंतरावर होतं आणि वाटेत एक चांगलं पण पॅनेलवर नसलेलं. मी गाडी तिथेच थांबवायला सांगितली. हा नियम प्रत्येक घराने पाठ करून ठेवावा: जिवावरची वेळ असेल तर जवळच्या कुठल्याही रुग्णालयात न्या, पॅनेल बघत बसू नका. पॅनेलवरचं असेल तर ते रुग्णालयच योजनेला कळवतं आणि तुमच्याकडून अनामत मागू शकत नाही. पॅनेलवरचं नसेल तर पैसे आपण भरायचे, पण अट्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं. ते कळवणं राहिलं की पुढचा परतावा अडचणीत येतो.

रात्री स्टेंट बसला. सकाळी मुलाला कार्डाची प्रत आणि डॉक्टरांचं पत्र देऊन पॉलिक्लिनिकला पाठवलं, तिथे इमर्जन्सीची नोंद झाली. मिस्टर आयसीयूत, मी बाहेर बाकड्यावर, आणि माझ्या हातात वही. त्या वहीत मी जे मागून घ्यायचं ठरवलं ते असं होतं: इमर्जन्सी होती असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं प्रमाणपत्र, बाबवार बिल, प्रत्येक औषधाची पावती, डिस्चार्ज कार्ड, आणि स्टेंटच्या पाकिटावरचं स्टिकर. हे स्टिकर रुग्णालयवाले फाइलला लावून टाकतात, मागितल्याशिवाय देत नाहीत. त्यावर स्टेंटचा नंबर असतो आणि ते नसलं तर क्लेममध्ये प्रश्न निघतो. आमच्या क्लेमवर एक क्वेरी आलीच, पण ती वेगळ्याच कागदाची होती, उत्तर देऊन सुटली.

परतावा मिळाला. पूर्ण नाही. योजना सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दराने पैसे देते, रुग्णालयाचं बिल त्याहून जास्त होतं, वरचा फरक आमच्या अंगावर. पैसे यायलाही महिने लागले आणि तोवर सोसायटीचं कर्ज काढून भागवलं. तरीही मी त्या रात्री गाडी थांबवली त्याचं मला समाधान आहे, आणि पुढची सगळी तपासणी, इको, औषधं आता पॅनेलवरच्या रुग्णालयात रेफरलवर एक पैसा न भरता चालू आहेत.

फौजी आजारी पडतो तेव्हा योजनेची माहिती असलेलाच माणूस खाटेवर असतो. आमच्याकडच्या बहुतेक घरांत हेच आहे. कार्ड फौजीच्या पाकिटात, पासवर्ड त्याच्या डोक्यात, पॉलिक्लिनिकचा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये, आणि मोबाइलचं लॉक त्याच्या बोटाने उघडणारं. बायकोला विचारलं तर म्हणते, ‘यांनाच माहीत.’ म्हणून मी हे सगळं इतक्या तपशिलात लिहितेय. आज नवऱ्याला शेजारी बसवा आणि पॉलिक्लिनिकचा नंबर, पीपीओ, डिस्चार्ज बुक, सगळ्यांच्या कार्डांच्या प्रती एका पिशवीत ठेवा. पिशवी कुठे आहे ते मुलांनाही माहीत असू द्या.

वॉर्डाबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी लेखी दिलेली आहे. रुग्णालयात खोली पदाप्रमाणे मिळते. हवालदारापर्यंत जनरल वॉर्ड, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्यांना प्रायव्हेट. फौजेत पदाची उतरंड असते, ते मिस्टरांना मान्य आहे आणि मलाही. पण गर्भाशयाची शस्त्रक्रिया झालेली बाई पलटणीत कधी भरती झाली नव्हती. तिला आडोसा लागतो, स्वच्छतागृह जवळ लागतं. निदान अशा शस्त्रक्रियांना घरातल्या बायकांसाठी पदाचा निकष बाजूला ठेवावा, एवढंच मी मागते.

रुग्णालयं आणि योजनेतली थकलेली बिलं हाही विषय आहे. संसदेतही तो अनेकदा निघाला आहे. देणी थकली की रुग्णालयं ‘बेड नाही’ म्हणायला लागतात, आणि ते ऐकावं लागतं आपल्याला. असं झालं तर तिथूनच पॉलिक्लिनिकच्या ओआयसींना फोन लावा. ते बहुधा निवृत्त अधिकारी असतात आणि त्यांच्या एका फोनने बेड निघाल्याचं आमच्या गल्लीत घडलेलं आहे.

पुण्याच्या सोयींबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडच्यांना त्या जवळ असूनही माहीत नसतात. १९४४ पासून चालू असलेलं कृत्रिम अवयव केंद्र पुण्यात आहे. सुरुंगात पाय गमावलेला आमच्या शेजारच्या गावचा एक जण तिथल्या पायावर आज स्कूटर चालवतो. आणि खडकीला १९७४ पासूनचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, मणक्याला मार लागून कमरेखाली लुळे पडलेले जवान तिथे राहतात, उपचार घेतात, खेळतात. मी एकदा मिस्टरांच्या जुन्या जोडीदाराला भेटायला गेले होते. व्हीलचेअरवरून बास्केटबॉल चालला होता आणि पंच म्हणून तोच शिट्टी वाजवत होता.

आता ज्यांना ही योजना नाही त्यांच्याबद्दल. पेन्शन नसलेल्या माजी सैनिकाला साधारणपणे ईसीएचएस मिळत नाही. माझ्या बहिणीचा मुलगा अग्निवीर आहे. सेवेत आहे तोवर त्याला मिलिटरी हॉस्पिटल आहे, पण चार वर्षांनी जे घरी येतील त्यांना पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. कायम होणाऱ्या पंचवीस टक्क्यांत तो बसेल की नाही ते आज कुणी सांगू शकत नाही. बहीण गावात सगळ्यांना सांगत होती, ‘आता आमचा दवाखाना फुकट.’ तिला मी शांतपणे बसवून हे समजावलं, तेव्हा तिचा चेहरा उतरला. मला ते सांगताना वाईट वाटलं, पण गैरसमजात राहून ऐन वेळी रुग्णालयाच्या दारात कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. अशा घरांनी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं तयार ठेवावीत, तिथे आता वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार होतात. आणि मदतीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करावी.

डिपेंडंटचे, म्हणजे कार्डावर अवलंबून असलेल्या घरच्यांचे, नियमही आधी वाचून ठेवा. मुलगी लग्न किंवा नोकरी होईपर्यंत राहते, वयाची अट नाही. आईवडिलांचं उत्पन्न महिना ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता याच्या आत असेल तर तेही येतात. चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेलं मूल कितीही मोठं झालं तरी राहतं, फक्त त्याचं प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयाचं हवं. मुलगा मात्र पंचवीस वर्षांपर्यंतच, त्याआधी नोकरी किंवा लग्न झालं तर तेव्हापर्यंत. आमचा मुलगा येत्या दिवाळीत पंचवीस पूर्ण करतोय. त्याची अक्कलदाढ त्रास देते, ती त्याआधी पॉलिक्लिनिकमध्ये काढून घ्यायची आहे, आणि त्याच्यासाठी वेगळ्या विम्याची चौकशी मी पोस्टातच सुरू केली आहे.